बातमी कशी घडते? : एक नाट्यपाठ

सकाळीं वर्तमानपत्र हातीं पडलें म्हणजे त्यांतील मजकूर जणूं आपोआप तेथें उमटला असावा, असें आपणांस वाटतें. परंतु कोणती हकीकत छापावी हें कोणी तरी ठरवितो, कोणी तिला मथळा देतो, आणि कोणी तिचा कांहीं भाग गाळतोहि. ही घडण रंगभूमीवर कशी दाखवावी, हें शिकण्यास विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचें 'कमला' हें नाटक फार उपयोगी आहे.

त्याचें मूळ खऱ्या घटनेंत आहे. १९८१ सालीं 'इंडियन एक्सप्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनीं स्त्रियांचा चोरटा व्यापार उघडकीस आणण्यासाठीं एक स्त्री २३०० रुपयांस विकत घेतली व तो वृत्तांत प्रसिद्ध केला. तेंडुलकरांनीं स्वतः वृत्तपत्रांत काम केलेलें होतें. पण त्यांनीं ही हकीकत जशीच्या तशी मांडली नाहीं. त्यांचा बातमीदार जयसिंग जाधव हा कमलेला २५० रुपयांस विकत घेतो आणि पुरावा म्हणून पत्रकार-परिषदेंत उभी करतो. बातमी खरी असते. पण तेथें जमलेले लोक त्या दीन स्त्रीला नाहीं नाहीं ते प्रश्न विचारून हंसतात. काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमांत होते.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नाटक घडतें जयसिंगच्या घरांत. परिषदेचा वृत्तांत आपण तेथेंच ऐकतों. म्हणून आपलें लक्ष बातमीवरून घरांतील माणसांकडे वळतें. जयसिंगची पत्नी सरिता हिला कमला भोळेपणानें विचारते, तुम्हांला केवढ्यास आणलें? त्या प्रश्नानें सरितेचे डोळे उघडतात. पुढें बड्या लोकांचें दडपण येतांच वृत्तपत्राचा मालक जयसिंगलाहि कामावरून दूर करतो. दुसऱ्याला साधन करणारा स्वतःहि साधनच होता!

आतां आपल्या खानदेशाकडे वळूं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक असतांना सानेगुरुजी वसतिगृहांतील मुलांसाठीं 'छात्रालय' हें हस्तलिखित दैनिक काढीत. तेथें वाचणारे आणि ज्यांच्याविषयीं लिहावयाचें ते एकाच छपराखालीं राहत. लिहिणाऱ्याला त्यांच्याशीं रोज गांठ पडे.

हेंच सूत्र धरून तुम्हीं स्नेहसंमेलनासाठीं तीन प्रवेशांचें नाटक रचावें. समजा, रावेरहून केळीं घेऊन निघालेली मालमोटार उलटली व एक हमाल जखमी झाला. पहिल्या प्रवेशांत घडलेलें दाखवा. दुसऱ्यांत बातमीदार, संपादक व जाहिरात देणारा व्यापारी बसवा. मथळ्यांत केळ्यांची नुकसानी येते कीं हमालाचें नांव, हें प्रेक्षकांसमोर ठरूं द्या. तिसऱ्यांत ती बातमी हमालाच्या घरीं वाचून दाखवा. दोन बांकें व एक कंदील एवढें सामान पुरे. खर्चासाठीं मात्र कोणा धनिकापुढें हात पसरूं नका; ज्याचा पैसा, त्याचा शब्द नाटकांतहि हळूच शिरतो.

पालकांनींहि हा खेळ पाहावा. बातमी खरी आहे ना, एवढें विचारून आपण थांबतों. ज्याची बातमी झाली त्याच्यासमोर ती मान वर करून वाचतां येईल काय, हेंहि विचारावयास मुलांना शिकवूं या.