काटा अडला म्हणून भाकरी सोडू नकोस

सत्त्याहत्तरावरून सत्तरावर आलीस, आणि आता महिना उलटला तरी काटा जागचा हलत नाही. म्हणून रात्रीची भाकरीही बंद केलीस, असं तुझी आई सांगत होती. ती भाकरी आधी सुरू कर, मग पुढचं ऐक.

सत्तर किलोच्या अंगाला सत्त्याहत्तर किलोच्या अंगाइतकं लागत नाही, एवढा साधा हिशेब आहे. तोच जिना चढताना आता सात किलो कमी वाहून न्यावे लागतात. ज्या ताटावर सुरुवातीला वजन उतरत होतं, ते ताट आता खर्चापुरतं झालंय. शिवाय खाणं फार तोडलं की शरीर हात आखडतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसल कीज यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन चौथ्या हिश्शाने घटलं, पण बसल्याजागी होणारा शरीराचा ऊर्जाखर्च त्याहूनही जास्त घटला. अंगात थंडी भरायची, उत्साह गेला, आणि काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे! आताच ताट आणखी रिकामं केलंस तर तुझीही गत तीच, आणि वर चिडचिड घरच्यांवर.

‘चाळिशीनंतर चयापचय मंदावतंच’ हे वाक्य मात्र माझ्यापुढे म्हणू नकोस. २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापं २०२१ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आली. शरीराचं आकारमान हिशेबात घेतलं, तर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळपास तेवढाच राहतो, असं त्यात दिसलं. बदलतं ते दुसरंच. स्नायू झिजतात, बैठक वाढते, झोप तुटते, आणि पाळी जायच्या सुमारास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर आपला हात चालतो.

आधी काटा खरोखर अडलाय का ते बघ. वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी करायचं. रोज केलंस तरी चालेल, पण तुलना आठवड्याच्या सरासरीची कर. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं, पाळी जवळ आली, की अंगात पाणी धरतं आणि काटा किलोभर पुढे जातो. ती चरबी नव्हे. शिवणाच्या डब्यातली टेप काढ आणि पंधरा दिवसांतून एकदा कंबर मोज. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी, पुरुषाची ९० च्या, असं डॉक्टर धरतात. वजन तेच आणि कंबर उतरतेय, तर तुझं काम चालू आहे.

कंबरही थांबली असेल तर स्वयंपाकघरात ये. चोर तिथेच सापडतो. पहिल्या दोन महिन्यांत तू तेल चमच्याने मोजत होतीस. आता बुधली थेट कढईवर वाकते की नाही? चहाचा एक चमचा तेल म्हणजे ४०-४५ कॅलरी, फोडणीत दोन चमचे जास्त पडले तर कुणाला कळतसुद्धा नाही. तेलाची पिशवी फोडलीस की तारीख लिहून ठेव. माणशी महिन्याला अर्धा लिटर धरलं, तर रोजचे साधारण तीन चमचे येतात. तुझ्या घरी चौघांना किती लिटर लागतं ते तूच बघ. मग भाजीतलं दाण्याचं कूट, वरणावरचं तूप, मीठ-तिखट बघायला चाखलेलं. आणि सगळ्यांत लबाड म्हणजे पोरांच्या ताटात उरलेलं. फुकट जायला नको म्हणून उभ्याउभ्या खाल्लेला अर्धा पराठा आपण जेवणात धरतच नाही. एकादशीचं तर बोलूच नकोस. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात मूठभर कूट आणि तूप, आणि त्याला नाव उपास! आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं वहीत लिही. न लाजता. कुणाला दाखवायचं नाही.

डॉ. दीक्षितांचं दिवसातून दोनच वेळा जेवण की आहारतज्ज्ञ दिवेकरांचं दर दोन तासांनी खाणं, या वादात मी पडत नाही. ज्याने तुझं एकूण खाणं आवरतं ते तुझं.

भाकरी राहू दे, पण तिच्याशेजारी ताटात प्रथिनं वाढव. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेले सहजी परत येत नाहीत. तुझ्या वजनाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम येतात, यावरून अंदाज बांध. मटकीची उसळ वाटीभर नव्हे, मोठी वाटीभर. कुळथाचं पिठलं, दही, पनीर, खात असशील तर बांगडा. नुसत्या पातळ वरणावर हा आकडा गाठता येत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि स्नायूंना काम दे. तू रोज तास-तास चालतेस, ते चांगलंच आहे, पण त्याच रस्त्याने त्याच गतीने चालून अंगाला सवय झालीय. आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर लागेल असं काही कर. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात टेकवून जोर, दोन लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन डोक्यावर उचलणं. शेवटच्या दोन-तीन वेळा कठीण गेल्या पाहिजेत. सोपं वाटायला लागलं की वाढव. जेवणानंतरची शतपावली सोडू नकोस, साखरेला ती चांगली. झोप सहा तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी फरसाणाच्या डब्याकडे हात जातोच.

एवढं महिना-दोन महिने नीट करूनही काही हललं नाही, किंवा दमायला होतं, केस गळतात, पाळीचा घोळ आहे, तर थायरॉईडची तपासणी करून घे. साखरेची काही औषधं, इन्सुलिन, स्टिरॉईड यांनीही वजन वाढतं. तसं असेल तर डॉक्टरांशी बोल, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि सात किलो म्हणजे तुझ्या मूळ वजनाच्या नऊ टक्के. मधुमेहाचा धोका खाली यायला तेवढंही पुष्कळ असतं.

दिवाळी तोंडावर आहे. फराळाच्या दिवसांत वजन उतरवायला जाऊ नकोस. चकली खा, बशीत घेऊन, बसून. आहे ते सत्तर राखलंस तरी झालं. तुळशीचं लग्न लागलं की वही पुन्हा काढ.