आपल्या माणसांची नावं संशोधकांना कशाला हवीत?

प्रश्न : माझी मोठी बहीण बरीच वर्षं कॅलिफोर्नियात राहते. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात विद्यापीठाची माणसं आली होती. स्मृतिभ्रंशाविषयी छान बोलली आणि शेवटी 'संशोधनासाठी नाव नोंदवा' म्हणाली. ताई तर ठणठणीत आहे. मेंदू सगळ्यांचे सारखेच, मग मुद्दाम आपल्याच लोकांची नावं कशाला? यात काही धोका नाही ना? – एक वाचिका, सांगली

उत्तर : धोक्याचं आधी सांगते. नोंदवहीत नाव देणं म्हणजे औषधाच्या चाचणीत भाग घेणं नव्हे. वय, भाषा, तब्येत अशी माहिती तिथे राहते आणि जुळणारा अभ्यास निघाला की विचारणा होते. 'नको' म्हणायची मुभा दर वेळी असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारी 'केअर' ही आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या वंशाच्या लोकांची अशीच एक नोंदवही आहे. ठणठणीत माणसंही हवी असतात, कारण अल्झायमरचे बदल मेंदूत लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतात. ते टिपायचे तर आज निरोगी असलेल्यांनाच वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं.

आता 'आपल्याच लोकांचं'. मेंदूची रचना सारखी असली तरी आजार कोणाला आणि किती होतो, हे रक्तदाब, मधुमेह, शिक्षण, राहणीमान आणि जनुकं मिळून ठरवतात. १९९२मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात नायजेरियातल्या इबादान शहरातले योरुबा वृद्ध आणि अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमधले कृष्णवर्णीय वृद्ध यांना एकाच पद्धतीने तपासलं. २००१मध्ये निष्कर्ष आले. दर वर्षी नव्याने स्मृतिभ्रंश होणाऱ्यांचं प्रमाण इबादानमध्ये १.३५ टक्के होतं, तर इंडियानापोलिसमध्ये ३.२४ टक्के. शिवाय ज्या 'एपीओई-४' जनुकामुळे गोऱ्या लोकांत अल्झायमरचा धोका बराच वाढतो, त्याचा योरुबांमधला संबंध क्षीण निघाला. फक्त गोऱ्यांनाच तपासत राहिलो असतो, तर हे कधी कळलंच नसतं.

तरीही औषधांच्या चाचण्यांत चित्र उलटं दिसतं. अमेरिकेत कृष्णवर्णीय वृद्धांना स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. पण २०२१मध्ये मान्यता मिळालेल्या अॅड्युकॅनुमॅब या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांतल्या ३,२८५ जणांपैकी कृष्णवर्णीय होते अवघे १९. या प्रकारच्या औषधांनी काहींच्या मेंदूत सूज येते किंवा रक्तस्राव होतो. तो धोका या समाजात किती, हे एकोणीस जणांवरून कोणता डॉक्टर सांगणार? आशियाई वंशाच्या लोकांचीही उपेक्षाच झाली आहे. १९९२ ते २०१८ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या वंशाच्या लोकांवर केंद्रित असलेल्या वैद्यकीय संशोधनासाठी आपल्या एकूण निधीतले फक्त ०.१७ टक्के खर्च केले. तुमच्या ताईकडे ती माणसं का आली, याचं उत्तर या आकड्यात आहे.

'हे लोक स्वतःहूनच येत नाहीत' असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. ते खरं नाही. २००६च्या एका आढाव्यात आरोग्य संशोधनाचे २० अभ्यास आणि सत्तर हजारांहून अधिक लोकांचे निर्णय तपासले गेले. ज्यांना प्रत्यक्ष विचारलं, त्यांच्या होकाराच्या प्रमाणात वंशावरून नगण्य फरक आढळला. मुळात विचारलंच जात नव्हतं. विचारलं तरी केंद्र दूर, वेळ कामाच्या दिवशी, कागद इंग्रजीत आणि सोबत घरचं माणूस आणण्याची अट. रोजंदारीवरच्या मुलाने आईसाठी किती खाडे करायचे?

अविश्वासालाही कारण आहे. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही आणि खरं काय ते सांगितलंही नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७मध्ये माफी मागितली. पण माफीने आठवण पुसली जात नाही. तो विश्वास माणसांनी माणसांत जाऊनच परत मिळवावा लागतो.

शिकागोच्या रश विद्यापीठाने २००४मध्ये कृष्णवर्णीय वृद्धांसाठी वेगळा अभ्यास सुरू केला. त्यासाठी चर्चमध्ये आणि ज्येष्ठांच्या वसाहतींमध्ये जाऊन माहिती दिली, वार्षिक तपासणी घरी जाऊन केली. संशोधकांनी मागण्याआधी द्यावं, असं माझं ठाम मत आहे. आधी आजाराची माहिती द्यावी, शंकांना उत्तरं द्यावीत, उपयोगी सल्ला द्यावा आणि मग नाव विचारावं. नाव घेऊन गायब होणारे पुढच्या दहा संशोधकांची वाट बंद करतात.

ताईने सही करण्यापूर्वी हे विचारावं : माहिती कोण पाहणार? मधेच बाहेर पडता येईल का? तपासणीत काही आढळलं तर मला सांगाल का? प्रवासखर्च कोणाचा? पुढे माझीच स्मृती ढासळली तर माझ्या वतीने निर्णय कोण घेईल? उत्तरं सरळ मिळाली, तर तिने नाव जरूर द्यावं.

प्रश्न : माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांना तारीख सांगता येत नाही, वजाबाकी जमत नाही. अशा माणसाची स्मृतीची चाचणी होऊ शकते का? – एक वाचक, जि. बीड

उत्तर : नक्की होऊ शकते. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत पंचावन्न वर्षांवरच्या ५,१२६ जणांचा अभ्यास झाला. त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश निरक्षर होते. परदेशी चाचणी जशीच्या तशी लावली असती, तर शाळा न पाहिलेली अर्धी गावं आजारी ठरली असती. म्हणून ती हिंदीत नव्याने बांधली. शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी विसातून तीन-तीन वजा करायचे किंवा आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. घड्याळाऐवजी सकाळ की संध्याकाळ, ते सांगायचं. 'डोळे मिटा' हे वाचायला लावण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि समोरच्याने तसंच करायचं. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायचं.

अशा रुजवलेल्या चाचण्यांमुळेच आपल्याला आपलं चित्र कळलं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचं प्रमाण स्त्रियांत व ग्रामीण भागात जास्त आहे. तुमच्या सासूबाईंसारखी माणसं या मोजणीत नसती, तर हे कोणाला कळलं असतं?

'म्हातारपणी असं व्हायचंच' म्हणून सोडून देऊ नका. रोजची भाजी करताना क्रम चुकणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, त्याच त्या गोष्टी विचारत राहणं यांकडे लक्ष ठेवा. जिल्हा रुग्णालयात दाखवा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य आणि कमी ऐकू येणं हेही तपासून घ्या, कारण त्यांवर उपाय आहेत. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी विनामूल्य आहे.

आजार निघालाच, तरी हात टेकू नका. गोव्यात ८१ कुटुंबांच्या अभ्यासात स्थानिक बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. काळजी कशी घ्यायची, ते त्या समजावून सांगत. २००८मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचं दिसलं. त्या कुटुंबांनी संशोधनाला होकार दिला, म्हणून हा उपाय खात्रीने सांगता येतो. उद्या तुमच्या दारी असा अभ्यास आला, तर आधी प्रश्न विचारा आणि समाधान झालं तर त्यांना घरात घ्या.