मत्स्यपेटीचे शुद्ध पाणी : साठवावे कसे, कशात?



२००३ साली 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश मुलांच्या ओळखीचा झाला. आता समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या इंदूरातही काही घरांत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेट्या दिसतात. यासाठी समुद्राचे पाणी घरीच तयार करतात : शुद्ध पाणी घ्यायचे आणि त्यात तयार समुद्री मीठ विरघळवायचे, एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम. (स्वयंपाकाचे मीठ मुळीच चालत नाही. समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी बरेच काही असते.)

नळाचे पाणी का नको? जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी पिण्यास उत्तम, परंतु त्यात क्लोरीन असते, विरघळलेले क्षारही असतात. बोअरिंगचे पाणी तर आणखी जड. उकळून क्लोरीन जाईल, क्षार जाणार नाहीत, उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढेल. म्हणून पाणी आधी आरओ यंत्रातून व नंतर आयन शोषणाऱ्या रेझिनमधून काढतात. आमच्या हिंदी पाठ्यपुस्तकात 'आसुत जल' होते, मराठीत ऊर्ध्वपातित पाणी. तेही जवळजवळ इतकेच शुद्ध असते. एक प्रयोग करून पहा. स्वच्छ काचेवर नळाच्या व शुद्ध पाण्याच्या थेंबांना शेजारी शेजारी सुकू द्या. एकाचा पांढरा डाग राहील, दुसऱ्याचा जवळजवळ काहीच नाही.

आता मुख्य मुद्दा. पाणी शुद्ध केले की काम संपले असे लोक समजतात. वास्तविक शुद्ध पाणी हे भुकेले पाणी आहे. ज्या भांड्यात ठेवाल त्याचा अंश ते घेते, हवेतला कार्बन डायऑक्साइडसुद्धा घेते. त्यामुळे ७ असलेला त्याचा पीएच उघड्यावर ५.६ च्या आसपास उतरतो. याची काळजी नको, मीठ मिसळल्यावर तो ८ च्या वर जातो. काळजी आहे ती भांड्याची.

आपल्या घरात पाणी म्हटले की तांब्याचा हंडा आठवतो. पिण्याच्या पाण्याची ती जुनी व चांगली रीत आहे. परंतु मत्स्यपेटीतली कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांना पाण्यात उतरलेले थोडेसे तांबेही मारक ठरते. नवल असे की कोळंबी व खेकड्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचेच बनलेले असते! तरीही बाहेरून पाण्यात आलेले तांबे त्यांना सोसत नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध देतात, तेव्हासुद्धा या जीवांना वेगळे ठेवावे लागते. म्हणून तांबे-पितळ नको, जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको. ड्रम प्लास्टिकचा घेतला आणि तोटी पितळेची बसवली तर काय उपयोग? घरच्या आरओ यंत्रात पाण्याला 'कॉपर' देणारे कार्ट्रिज असेल तर तेही पाणी वर्ज्य.

मग ठेवावे कशात? खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या नव्या ड्रममध्ये. तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा अंक असतो, पहिला एचडीपीई, दुसरा पॉलीप्रॉपिलीन. फिनाइल किंवा कीटकनाशकाचा जुना कॅन कितीही धुतला तरी घेऊ नये. शुद्ध पाण्यात क्लोरीन नसल्याने जंतूंना अटकाव करणारे काही राहत नाही. म्हणून ड्रम अपारदर्शक, घट्ट झाकणाचा हवा आणि रिकामा झाला की पुसून कोरडा करावा. झाकणाचे आणखी एक कारण : डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. घरात लहान भाऊ-बहीण असेल तर उघडा ड्रम त्यांनाही धोक्याचा आहे. ड्रम गच्चीवर उन्हात नको, रंग, रॉकेल, डास मारण्याचा फवारा यांच्याजवळही नको. फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांना व कोळंबीला विषारी असतात.

यंत्र सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचे पाणी वेगळे काढावे, त्यात क्षार जास्त असतात. नंतर टीडीएस मीटरने मोजावे. ० दिसायला हवे. आकडा वाढू लागला की रेझिन संपत आले.

दोन ड्रम ठेवा आणि ठळक अक्षरांत लिहा, 'गोडे' व 'खारे'. कारण गणित पहा. १०० लिटरच्या पेटीत ३.५ किलो मीठ आहे. ५ लिटर पाणी वाफ होऊन गेले, मीठ मात्र तेथेच राहिले. आता लिटरला सुमारे ३६.८ ग्रॅम झाले. ही तूट गोड्या पाण्यानेच भरायची, खारे ओतले तर क्षार चढतच जातील. खारे पाणी फक्त जुने पाणी बदलताना. मीठ पाण्यात टाकावे, मिठावर पाणी ओतू नये. लहान पंपाने रात्रभर फिरवून मग वापरावे.

पालकांना एक विनंती. प्रवाळ आणि समुद्री घोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहेत, दुकानदार देऊ लागला तरी घेऊ नयेत. आणि साध्या आरओ यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते. ते नाल्यात सोडू नका, फरशी पुसायला व संडासात टाकायला बादलीत धरून ठेवा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या आपल्याच शहरात आहेत.