उजेडावांचून वाढलेलें रोप

वाचावयाचा शास्त्रभाग : योहान ८:१२

ह्या आठवड्याचा पाठ एका सोप्या प्रयोगापासून शिकावयाचा आहे. नारळाच्या दोन करवंट्यांत सारखीच माती घालून मूग पेरावे. एक करवंटी अंगणांत ठेवावी. दुसरी घरांतील काळोख्या कोपऱ्यांत पत्र्याच्या रिकाम्या डब्याखालीं झांकावी. पाणी दोहोंस सारखेंच द्यावें. आठ दिवसांनीं पाहिलें असतां झांकलेलीं रोपें अधिक उंच दिसतील. परंतु त्यांचे देठ पांढुरके, पानें बारीक व पिवळीं असून तीं आपल्याच भारानें लवतात.

असें कां होतें? पानांतील हिरव्या द्रव्याच्या योगानें रोप सूर्यप्रकाशाच्या बळावर हवा व पाणी यांपासून आपलें अन्न तयार करितें. वनस्पतींचें हवा शुद्ध करण्याचें काम केवळ उजेडांतच चालतें, असें यान इंगेनहाउस नामक डच वैद्यानें १७७९ सालीं प्रसिद्ध केलें. मुगाच्या रोपांत तें हिरवें द्रव्य उजेडावांचून तयारच होत नाहीं. मग काळोखांतलें रोप वाढतें कशावर? दाण्यांत सांठविलेल्या शिदोरीवर. मातीखालच्या अंकुरास उजेड गांठावयाचा असतो, म्हणून तो ती शिदोरी उंच होण्यांत खर्च करितो. ही देवाचीच योजना आहे. परंतु उजेड मिळालाच नाहीं, तर शिदोरी सरते व रोप मरतें.

बाप्तिस्म्याच्या वेळीं मिळालेलें शिक्षण ही अशीच शिदोरी होय. तेवढ्यावर मनुष्य कांहीं काळ मंडळींत उंच दिसतो. परंतु नित्य प्रार्थना व शास्त्रवाचन नसेल, तर भावकीनें वाळींत टाकतांच तो लवतो. म्हणून उंची पाहून समाधान मानूं नये, रंग पाहावा.

उपदेशक बंधूंस आणखी एक गोष्ट. पिवळें रोप एकदम दुपारच्या उन्हांत ठेविलें तर करपतें. प्रथम सावलींत, मग सकाळच्या कोंवळ्या उन्हांत आणावें, म्हणजे तें हळूहळू हिरवें होतें. तसेंच, बहुत दिवस उपासनेस न आलेल्या कुटुंबास चारचौघांत दोष लावूं नये. त्यांच्या घरीं जावें, लहानसा शास्त्रभाग त्यांजबरोबर वाचावा, प्रार्थना करावी. मात्र उशीर करूं नये. शिदोरी किती उरली आहे हें बाहेरून दिसत नाहीं.

प्रश्न : १. काळोखांतलें रोप उंच कां होतें? २. आपल्या गांवीं असें कोणतें घर आहे, जेथें ह्याच आठवड्यांत गेलें पाहिजे?