जवसाचे तेल डब्यात का घट्ट होते?

आपल्या समाजातील बरेच बांधव सुतारकाम, फर्निचर व पॉलिशच्या धंद्यात आहेत. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून पाच लिटर जवसाचे तेल आणावे, थोडे वापरून बाकीचे ठेवून द्यावे आणि काही महिन्यांनी झाकण उघडावे तो वर जाड साय व खाली काकवीसारखा चिकटा, हा अनेकांचा अनुभव आहे.

हे तेल उडून वाळत नाही, हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. लाकडावर हाच गुण आपल्याला हवा असतो. डब्यात तोच नुकसान करतो. पाच लिटरच्या डब्यात एक लिटर तेल उरले की त्यावर चार लिटर हवा कोंडली जाते. शिवाय प्रत्येक वेळी झाकण उघडताना ताजी हवा आत शिरते ती वेगळीच. 'डबल बॉइल्ड' तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची द्रव्ये मिसळलेली असतात, म्हणून त्याला अधिक जपावे लागते.

तेव्हा डबा फोडताच तेल लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवावे. बाटली मऊ प्लास्टिकची असल्यास दाबून हवा काढावी व मग झाकण लावावे. काचेची असल्यास स्वच्छ, कोरड्या काचेच्या गोट्या टाकून तेल वर आणावे. पोरांच्या खेळातली ही वस्तू कारखान्यात फार उपयोगी पडते! बाटलीचे तोंड पुसावे, तारीख लिहावी. तापणाऱ्या पत्र्याखाली बाटल्या ठेवू नयेत. वाटीत उरलेले तेल परत ओतू नये.

नुसती साय आली असेल तर ती काढून तेल मलमलीतून गाळावे. पातळ असल्यास चालते. शंका वाटल्यास फळीच्या तुकड्यावर हात देऊन पाहावा. घट्ट तेलात टर्पेंटाइन घालून ते ताजे म्हणून विकणे मात्र आम्ही सरळ फसवणूक मानतो. ओले धान्य राशीत दडवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) काय सुनावले, हे वाचक जाणतात.

तेलाच्या चिंध्यांबाबत तर हयगय नकोच. त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की तेल वाळताना निघणारी उष्णता आत साठते आणि काडी न लावता आग लागते. काम संपताच त्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.