आधी भाव, मग योजना: आत्याच्या चार गोष्टी

खाण्यापिण्याचा धंदा काढू पाहणाऱ्या बायांसाठी वेबसाइट करतेयस, हे बरं झालं. तुझा बाप सांगत होता, पहिल्याच पानावर ‘यशस्वी उद्योजिका बना’ असं ठळक अक्षरांत येणार आहे. ते काढ. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टीच्या बाईचा प्रश्न साधा असतो: ‘मी येसर करते, किलोला किती लावू?’ तिथून सुरुवात कर. योजना, कर्ज, अर्ज हे सगळं त्याच्या मागून येऊ दे.

भाव काढायला कुणी शिकवत नाही, आणि धंदे बुडतात ते तिथंच. खव्याचं घे. गाईच्या ५ लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा होतो. समज, दूध ३५ रुपये लिटर. २० लिटरचे ७०० रुपये, खवा ४ किलो. बाई ७०० भागिले ४ करते, १७५ धरते, २०० ला विकते आणि किलोमागं २५ सुटले म्हणून खूश होते. आता तिला विचार, जळण किती? १०० धर. कढईशी उभं राहून ढवळणाऱ्या दोघींची मजुरी २००. पिशव्या आणि बाजाराला जायचं भाडं ६०. झाले १०६०, म्हणजे किलोला २६५. ती २५ कमवत नव्हती, ६५ घालवत होती. वेबसाइटवर हे भावाचं गणित ठेव, आणि त्यातला स्वतःच्या मजुरीचा रकाना तिला रिकामा सोडता येणार नाही असं कर. तो भरल्याशिवाय उत्तर दिसूच नये. बाई रागावेल, रागावू दे.

प्रत्येक पदार्थाला त्याचं वेगळं पान हवं. त्यावर टिकतो किती हे आधी, नफा किती हे नंतर. पापड, कुरडया, शेवया, काळा मसाला हे महिनोन्‌महिने राहतात. खवा उन्हाळ्यात फ्रिजबाहेर दुसऱ्या दिवशी भरवशाचा नसतो. सीताफळाच्या पानावर जरा जास्त वेळ घाल. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून जो तो गर काढायच्या गोष्टी करतो. पण झाडावरून उतरवलेलं फळ दोन-चार दिवसांत मऊ पडतं, गर काळपट होतो, तापवला की कडवट लागतो. बी फुटून गरात गेली की माल फेकायचा. साठवायचा तर उणे १८ अंशाला, आणि आपल्याकडं वीज कशी असते ते तुला माहीत आहे. डीप फ्रीजर नाही, जनरेटर नाही, तर हंगामात ताजी रबडी करून गावातच विका, असं सरळ लिही. कुणी नाराज झालं तरी चालेल.

एकदम दहा पदार्थ काढायला निघालेल्या बाईलाही थोपव. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, ते नुसत्या पापडावर.

आता कागद. अन्न सुरक्षेची नोंदणी घरात करून विकणाऱ्या बाईलाही लागते. धंदा लहान असला की नोंदणी पुरते, वाढला की परवाना. त्या नोंदणीचा किंवा परवान्याचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. सोबत घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच, केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, करणारीचा पत्ता आणि शाकाहारी मालाला चौकोनातला हिरवा ठिपका. ह्याचं कोरं लेबल तूच करून दे, तिनं फक्त रकाने भरायचे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, हे मोठ्या अक्षरांत टाक. त्याचे पैसे उकळणारे तालुक्या-तालुक्याला बसलेत.

योजनांबद्दल अर्धं सांगू नकोस. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० साली निघाली. प्रकल्पाच्या खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान. एवढं ऐकून बाया बँकेत जातात आणि पैसे हातात मागतात. आधी कर्ज मंजूर व्हावं लागतं, स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात, आणि अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं. हप्ते नीट गेले तरच ते कर्जात वळतं होतं. हे पहिल्याच ओळीत दे. अशा योजनांची मुदत वाढते, संपते, नियम बदलतात. म्हणून प्रत्येक पानावर ‘माहिती तपासल्याची तारीख’ टाक आणि ती जुनी झाली की पान उतरव. शिळी माहिती देण्यापेक्षा तालुका कृषी कार्यालयाची वाट दाखवलेली बरी.

विकायचं कुठं, हा प्रश्न शेवटी ठेवतात. तो भावाच्या शेजारी हवा. पुण्या-मुंबईचे मॉल दाखवू नकोस. आठवडी बाजार, कडा गावातली दुकानं, लग्नसराईच्या ऑर्डरी, मग नगर. सप्टेंबर २०२२ पासून न्यू आष्टीहून नगरला रेल्वे आहे, ६६ किलोमीटर. नमुन्याची पाकिटं घेऊन जायला तिथपर्यंतचं अंतर पुरे.

तुझ्या कामातलं मला कळत नाही, पण मोबाईल कसा वापरतात ते रोज बघते. बाया टाइप करत नाहीत, बोलतात किंवा दाबतात. फोन बऱ्याचदा पोराचा असतो, रात्री मिळतो. नेटवर्क आलं-गेलं करतं, म्हणून जड फोटो, हलणारी चित्रं नकोत. आत शिरायला पासवर्ड मागू नकोस. आधार, बँक खातं तर मुळीच नको, ते आमच्या भीतीचं कारण आहे. पान जसंच्या तसं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता आलं पाहिजे, कारण बचत गटातली एक वाचते आणि बाकीच्या नऊ ऐकतात. फोटो लावायचेच तर इथल्या चुलीचे, इथल्या कढईचे लाव, ज्यांचे आहेत त्यांना विचारून.

पहिली दोन पानं झाली की पुण्यात कुणाला दाखवत बसू नकोस. इकडं ये, गटाच्या बैठकीला बस. ज्या बाईनं अजून काहीच विकलेलं नाही तिच्या हातात फोन दे आणि तू तोंड उघडू नकोस. ती जिथं थांबेल तिथं पान बदल.