पिवळं सलाईन

चि. बाळू,


परवा लग्नात तुझ्या दवाखान्याच्या गावची मंडळी भेटली. "तुमचा भाचा लई भला, अशक्तपणा म्हटलं की लगेच पिवळं सलाईन लावतो," असं कौतुकानं सांगत होती. माझ्या घशाखाली घास उतरेना. उभा जन्म वॉर्डात काढलाय मी. व्हिटॅमिनचं एक इंजेक्शन टाकलं की बाटली पिवळी होते, हे मला ठाऊक नाही का? तोंडानं पाणी पिणाऱ्या माणसाला सुई कशाला? पेशंट मागतात म्हणून? मग दुकानच टाकायचं होतंस. दादानं विहिरीजवळचं वावर कशापायी विकलं?

तुझ्या कपाटात आर्ची कॉक्रन यांचं १९७२ चं पुस्तक आहे. वाचलंस, की नुसतं मिरवायला? हा स्कॉटलंडचा डॉक्टर १९४१ साली क्रीटमध्ये जर्मनांच्या हाती सापडला. सॅलोनिकाच्या छावणीत कैद्यांचे पाय सुजू लागले, याचे स्वतःचेही. तरी गड्यानं वीस जण निवडले, दोन खोल्यांत दहा-दहा ठेवले. एका खोलीला यीस्ट, दुसरीला क जीवनसत्त्व. चौथ्या दिवशी यीस्टवाल्यांत फरक दिसला. ते आकडे जर्मनांपुढे ठेवून त्यानं सगळ्यांसाठी यीस्ट मिळवलं. उपाशी कैद्याला पुरावा शोधता आला, तुला पंख्याखाली बसून येईना?

बरं, रागावू नकोस. लोक सलाईन का मागतात, तेही कळतं मला. बाटली संपेपर्यंत बाईला कुणी कामाला उठवत नाही, लेक उशाशी बसते. तेवढं मात्र सुईवाचूनही देता येतं रे.

पुढे एल्स्टरहॉर्स्टच्या छावणीत एक सोव्हिएत कैदी मरणाच्या दारात किंचाळत होता. मॉर्फिन नाही, कॉक्रनना त्याची भाषा येईना. शेवटी ते खाटेवर बसले, त्याला कुशीत घेतलं. ओरडणं थांबलं. काही तासांनी तो शांतपणे गेला. हे वाचलं तेव्हा आपले आप्पाच आठवले. शेवटच्या रात्री मी चिठ्ठ्या घेऊन मेडिकलला पळत होते, आणि ते "बस गं जरा" म्हणत होते. अजून सलतं.

सलाईन बंद केलंस तर पेशंट समोरच्या डॉक्टरकडे जातील, हप्ता तटेल, जाणते मी. दवाखान्याचं भाडं काही महिने माझ्या पेन्शनीतून जाऊ दे. दादाला कळवू नकोस, त्याला लागेल. आणि रात्री न जेवता झोपतोस, असं वहिनी म्हणाली. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. डब्याची घाई नाही, येशील तेव्हा आण.

तुझी,
आत्या